सुवार्ता सांगायला नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

नव्याने ख्रिस्ती विश्वासात आलेल्या, किंवा लहानपणापासून मंडळीत (चर्चमध्ये) असूनही आजवर कोणापाशी आपल्या विश्वासाविषयी अवाक्षरही न काढलेल्या माणसाला एके दिवशी जाणवते की ही सुवार्ता, म्हणजे येशूविषयीची शुभ बातमी, आता सांगायला हवी. मग लगेच पुढचे प्रश्न उभे राहतात: नेमके सांगायचे काय, कोणाला आणि कसे. त्या प्रश्नांची उत्तरे शोधताना ज्या क्रमाने पावले टाकावीत, तो क्रम येथे दिला आहे. माझा एक आग्रह मात्र आधीच सांगून टाकतो. समोरच्याला निःसंकोचपणे ‘नको’ म्हणता येईल, अशाच रीतीने आपला विश्वास सांगावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका अटीवर उभ्या आहेत.

आज्ञा नेमकी काय आहे

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २८व्या अध्यायाच्या शेवटी पुनरुत्थित येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवतो. मूळ ग्रीक वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, ते म्हणजे ‘शिष्य करा’. जाणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकवणे ही त्याला जोडून आलेली कृदन्ते आहेत. याचा व्यवहारातला अर्थ असा, की एकदा भाषण करून मोकळे होण्याचे हे काम नाही. कोणाबरोबर तरी दीर्घकाळ चालत राहण्याचे आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात हीच गोष्ट ‘तुम्ही माझे साक्षी व्हाल’ अशा शब्दांत येते, आणि साक्षीदाराचे काम आपण पाहिले-अनुभवले तेवढेच सांगण्याचे असते.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात मंडळीला मिळालेल्या देणग्यांची यादी आहे, आणि त्यात ‘काही सुवार्तिक’ असे म्हटले आहे, सगळेच नव्हे. व्यासपीठावरून बोलणे, अनोळखी समुदायापुढे उभे राहणे हे प्रत्येकाचे काम नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रातील अपेक्षा मात्र सर्वांकडूनच आहे: तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले, तर उत्तर देण्यास तयार असावे, आणि ते सौम्यतेने व आदराने द्यावे. हे पत्र छळ सोसणाऱ्या लोकांना लिहिलेले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ‘सौम्यतेने’ या शब्दाचे वजन कळते.

पहिली पायरी: हेतू तपासणे आणि प्रार्थना

कोणाशीही बोलण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की मला हे का सांगायचे आहे. वादात जिंकण्यासाठी, मंडळीत कौतुक व्हावे म्हणून, सांगितले नाही तर अपराधी वाटते म्हणून, की या माणसाचे भले व्हावे असे खरोखर वाटते म्हणून? हेतू क्वचितच निर्मळ असतो, आणि तो पूर्ण निर्मळ होईपर्यंत थांबायचे ठरवले तर कोणीच कधी बोलणार नाही. पण आपला हेतू आपल्याला माहीत असावा.

त्यानंतर ओळखीच्या तीन माणसांची नावे एका कागदावर लिहावीत आणि काही आठवडे, त्यांच्याशी या विषयावर एक शब्दही न बोलता, त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करावी. त्यांच्या आजारपणासाठी, नोकरीसाठी, मुलांसाठीही प्रार्थना करावी. केवळ ‘त्यांना विश्वासात आण’ एवढेच मागू नये. ज्याच्यासाठी आपण महिनाभर प्रार्थना केली आहे, त्याच्याशी बोलताना आवाज आपोआप बदलतो, असा माझा अनुभव आहे. आरंभीच्या मंडळीचा प्रेषित पौल कलस्सैकरांस लिहिताना तुरुंगात होता. तरी तुरुंगाचे दार उघडावे अशी नव्हे, तर वचनासाठी दार उघडावे अशी प्रार्थना करण्याची विनंती त्याने केली. दार उघडणे आपल्या हाती नाही, हे त्याने गृहीत धरले होते.

दुसरी पायरी: संदेश मनाशी स्पष्ट करणे

ख्रिस्ती विश्वासाचा गाभा काय, असे कोणी विचारले तर बरेच जण चांगल्या वागणुकीविषयी बोलू लागतात. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात हा गाभा मोजक्या शब्दांत दिला आहे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला आणि लोकांना दिसला. हे पत्र सुमारे इ. स. ५५ मधले आहे, आणि त्यातही पौल म्हणतो की हे मला मिळाले होते, तेच मी तुम्हांला दिले. म्हणजे संदेश आपण घडवायचा नसतो, तो सुपूर्द करायचा असतो.

यासाठी एक सोपी तयारी करावी. मार्काचे शुभवर्तमान हे चारांमध्ये सर्वांत लहान, अवघ्या १६ अध्यायांचे आहे. ते एका बैठकीत वाचून काढावे. मग पुस्तक मिटून, येशू कोण होता, त्याने काय केले आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हे पाच वाक्यांत स्वतःच्या भाषेत लिहावे. पाच वाक्ये जमत नसतील तर पुन्हा वाचावे.

तिसरी पायरी: आपली साक्ष तयार करणे

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाच्या जीवनपालटाची हकीकत तीन वेळा येते: ९व्या, २२व्या आणि २६व्या अध्यायांत. त्यांपैकी २६व्या अध्यायात तो अग्रिप्पा राजापुढे स्वतः बोलतो आहे, आणि त्या भाषणाची मांडणी नवख्याने अभ्यासण्यासारखी आहे: मी पूर्वी कसा होतो, दिमिष्काच्या वाटेवर काय घडले, आणि तेव्हापासून मी काय करत आलो आहे. श्रोता यहूदी रीतिरिवाजांचा जाणकार आहे, हे ओळखून त्याने त्याला समजेल अशाच तपशिलापासून सुरुवात केली आहे.

आपली साक्षही अशीच तीन भागांत लिहावी आणि ती मोठ्याने वाचून तीन मिनिटांत संपते का, ते पाहावे. तीन मिनिटे फार थोडी वाटतात. परंतु न विचारता दहा मिनिटे बोलणाऱ्याचे ऐकणे किती अवघड असते, हे ऐकणाऱ्यालाच ठाऊक. एक नमुना देतो:

‘माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा सहा वर्षे अबोला होता. चूक त्याचीच आहे याची मला खात्री होती आणि ती खात्री मी जपून ठेवली होती. त्या काळात मी शुभवर्तमान वाचत होतो. वधस्तंभावर असताना येशूने आपल्याला खिळणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, त्या ओळीपाशी मी अडलो. ती क्षमा माझ्यासाठीही आहे, हे ज्या दिवशी मनोमन पटले, त्या दिवसापासून भावाचा हिशेब धरून ठेवणे मला जमेना. मी त्याला फोन केला. सगळे सुरळीत झाले असे नाही, पण आता आम्ही बोलतो.’

या नमुन्यात प्रसंग एकच आहे आणि त्याला निश्चित जागा व शब्द आहेत. त्यात चमत्काराचा दावा नाही, आणि शेवटी जे अपुरे राहिले तेही कबूल केले आहे. त्या कबुलीमुळेच ऐकणारा विश्वास ठेवू शकतो. साक्ष रंगवण्याचा मोह फार मोठा असतो. पूर्वीचे जीवन होते त्याहून काळे आणि आताचे आहे त्याहून उजळ दाखवले, की गोष्ट नाट्यमय होते खरी, पण घरच्यांनी ती ऐकली तर ते काय म्हणतील, हा प्रश्न स्वतःला विचारावा. दुसऱ्यांच्या गुपितांविषयीही जपावे. पतीचे व्यसन किंवा बहिणीचा मोडलेला संसार ही आपली साक्ष नसते. ती त्यांची गोष्ट असते आणि त्यांच्या परवानगीवाचून ती बाहेर जाऊ नये.

ख्रिस्ती घरातच वाढलेल्यांना येथे अडचण वाटते, कारण त्यांच्यापाशी सांगण्यासारखे ‘पूर्वी’ नसते. त्यांनी तीमथ्याची आठवण ठेवावी. त्याच्या विश्वासाविषयी लिहिताना पौल कोणत्याही प्रकाशाचा किंवा दृष्टान्ताचा उल्लेख करत नाही. आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी प्रथम असलेला विश्वास तुझ्यातही आहे, एवढेच म्हणतो. अशा माणसाने वारशाने मिळालेली गोष्ट आपली स्वतःची कधी झाली, किंवा कोणत्या कठीण काळात ती टिकली, हे सांगावे.

चौथी पायरी: शब्द तपासणे

मंडळीत वर्षानुवर्षे वापरलेले शब्द बाहेर वेगळेच ऐकू येतात, आणि मराठीत ही अडचण विशेष आहे. ‘तारण’ म्हटले की मंडळीबाहेरच्या माणसाला कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू आठवते. ‘मंडळी’ म्हणजे त्याच्या लेखी जमलेले लोक. ‘साक्ष’ कोर्टात असते. ‘मला या कामाचे ओझे आहे’ हे वाक्य ऐकून तो बिचारा मदतीला हात पुढे करील. हे शब्द वाईट नाहीत, परंतु ज्याने ते कधी ऐकले नाहीत त्याच्यापुढे ते उलगडून सांगावे लागतात: तारण म्हणजे देवाने आपल्याला सोडवणे, त्याच्याशी तुटलेले नाते पुन्हा जोडले जाणे.

‘पाप’ हा शब्द याहून नाजूक आहे, कारण तो सर्वांना माहीत आहे. पाप म्हणताच ऐकणारा त्याच्यासमोर पुण्य ठेवतो आणि जमाखर्चाची वही उघडतो. मग ‘मी कोणाचे वाईट केले नाही’ हे उत्तर ठरलेले. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दात नेम चुकणे असा अर्थ आहे, आणि ख्रिस्ती शिकवणीत त्याचा रोख कृत्यांच्या यादीपेक्षा देवापासून दुरावलेल्या मनाकडे आहे. हा फरक स्पष्ट केल्याशिवाय पुढे जाऊ नये. नाहीतर समोरच्याला आपण त्याच्यावर आरोप करत आहोत असे वाटते, आणि ती त्याची चूक नसते. आपली लिहिलेली साक्ष मंडळीत न येणाऱ्या एखाद्या मित्राला वाचायला द्यावी आणि जो शब्द कळला नाही त्याखाली रेघ मारायला सांगावी.

पाचवी पायरी: कोणापासून आणि कशी सुरुवात करावी

मार्काच्या पाचव्या अध्यायात दुष्ट आत्म्यांपासून मुक्त झालेला मनुष्य येशूबरोबर जाण्याची परवानगी मागतो. येशू ती देत नाही. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जाऊन प्रभूने तुझ्यासाठी काय केले ते सांग, असे म्हणतो. घर ही सर्वांत जवळची जागा आहे आणि सर्वांत अवघडही, कारण तेथे आपले सगळे दोष सर्वांना पाठ असतात. म्हणून घरात बोलण्याआधी वागणुकीत काही बदल दिसू द्यावा, आणि थोरल्यांना शिकवण्याचा सूर चुकूनही लावू नये.

सुरुवात प्रश्नाने करावी, आणि तो प्रश्न खरा असावा. विहिरीपाशी शोमरोनी स्त्रीशी बोलताना येशूने प्रथम तिच्याकडे पाणी मागितले. फिलिप्पाने रथात बसून यशयाचे पुस्तक वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याला फक्त विचारले, की वाचता ते समजते का. त्याला रथात चढून बसण्याची विनंती त्या अधिकाऱ्याने केली, आणि तो वाचत असलेल्या उताऱ्यापासूनच फिलिप्पाने बोलणे सुरू केले. ‘तुम्ही प्रार्थना करता का’, ‘त्या कठीण दिवसांत तुम्हांला कशाचा आधार वाटला’ असे प्रश्न विचारून उत्तर संपेपर्यंत ऐकावे. मध्ये तोडू नये, आणि ऐकत असताना आपले पुढचे वाक्य जुळवत बसू नये. त्यानंतर ‘मला जे सापडले ते सांगू का’ असे विचारावे, आणि ‘आत्ता नको’ हे उत्तर आले तर हसतमुखाने विषय बदलावा.

विचारले तेवढेच उत्तर द्यावे. माझ्या पहिल्या प्रयत्नात एका सहकाऱ्याने ‘तुम्ही उपवास कशासाठी करता’ एवढेच विचारले होते. मी जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली, आणि जेवणाची सुटी संपली तेव्हा नोहाच्या तारवापर्यंत पोहोचलो होतो. त्याने पुन्हा कधी काही विचारले नाही.

मोबाइलवरून वचनांची चित्रे रोज सर्वांना पाठवत राहणे, याला मी सुवार्ता सांगणे म्हणणार नाही. एका माणसाला, त्याच्या परिस्थितीचा विचार करून लिहिलेला एक संदेश पुरेसा असतो.

सहावी पायरी: प्रश्न आणि हरकती

‘मला माहीत नाही’ हे वाक्य नवख्याने आधीच सराव करून ठेवावे. योहानाच्या नवव्या अध्यायात दृष्टी मिळालेल्या जन्मांध मनुष्याला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी पुढारी, उलटसुलट विचारतात, तेव्हा तो म्हणतो की येशू पापी आहे की नाही हे मला ठाऊक नाही. मी आंधळा होतो आणि आता मला दिसते, एवढे मात्र ठाऊक आहे. चांगल्या जगात दुःख का, असे विचारणाऱ्याला बहुधा वाक्य नको असते, सोबत हवी असते. तेथे सिद्धान्त सांगू लागणे क्रूरपणाचे होईल. माहितीचा प्रश्न असेल तर ‘शोधून सांगतो’ म्हणावे आणि खरोखर शोधून, ठरल्या दिवशी सांगावे.

इतिहासातील अन्यायांविषयी कोणी बोलले तर बचाव करू नये. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेन राजाने सॅक्सन लोकांवर बाप्तिस्मा लादला, ही घटना खरी आहे. त्याच्याच दरबारातील विद्वान आल्क्विन याने विश्वास हा स्वेच्छेचा विषय आहे, तो सक्तीने निर्माण करता येत नाही, असे लिहून नापसंती नोंदवली, हेही खरे आहे. दोन्ही सांगावे, आणि पहिले आधी सांगावे.

दुसऱ्याच्या धर्माची निंदा करून आपल्या विश्वासाची थोरवी पटत नाही. अथेन्समधील मूर्ती पाहून पौलाचा जीव तळमळला होता, तरी अरीयपग या टेकडीवरील भाषणात त्याने ‘अज्ञात देवाला’ अर्पिलेल्या वेदीपासून सुरुवात केली आणि त्या लोकांच्याच कवींचे शब्द घेतले. इफिसात दंगल उसळली तेव्हा नगराच्या चिटणिसाने, म्हणजे मंडळीबाहेरच्या माणसाने, जमावाला सांगितले की या लोकांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. आपल्याविषयी असे कोणी म्हणू शकेल का, हे तपासून पाहावे.

सातवी पायरी: ओलांडू नयेत अशा रेषा

२०११ साली रोमन कॅथलिक चर्चची आंतरधर्मीय संवादाची परिषद, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून ख्रिस्ती साक्षीच्या आचरणाविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले. अनेक बाबतींत मतभेद असलेल्या या तिन्ही संस्थांचे त्यात एकमत आहे, की फसवणूक, बळजबरी आणि गरिबांच्या गरजेचा गैरफायदा यांना साक्षीत स्थान नाही. त्याआधी, १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये असे जाहीर केले होते.

नवख्याच्या पातळीवर याचा अर्थ पुढीलप्रमाणे होतो. मदत करायची असेल तर ती कोणतीही अट न घालता करावी, आणि मदत करतानाच विश्वासाचा विषय काढू नये. ज्याला आपल्या हातून काही मिळणार आहे त्याला ‘नको’ म्हणणे कठीण जाते. हाताखालच्या कर्मचाऱ्याला, आपल्यापाशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णालाही तीच अडचण असते. लहान मुलांशी त्यांच्या आईवडिलांच्या नकळत या विषयावर बोलू नये. बरे होण्याचे किंवा भरभराटीचे आश्वासन देऊ नये, कारण ते पुरे करणे आपल्या हाती नाही. आपण जेथे राहतो तेथील धर्मप्रचाराविषयीचा कायदा जाणत्या माणसाकडून समजून घ्यावा. देशादेशांत तो फार वेगळा आहे, आणि आपल्या अज्ञानाची किंमत बहुधा ऐकणाऱ्यालाच मोजावी लागते.

आठवी पायरी: नकार, दिरंगाई आणि होकार

मार्काच्या दहाव्या अध्यायातील श्रीमंत मनुष्य येशूपुढे गुडघे टेकतो, प्रश्न विचारतो, उत्तर ऐकतो आणि खिन्न होऊन निघून जातो. त्याच्याकडे पाहून येशूने त्याच्यावर प्रीती केली, असे तेथे लिहिले आहे. त्याला परत बोलावले, अट सैल केली किंवा त्याच्यामागे कोणाला पाठवले, असे लिहिलेले नाही. नकार देणाऱ्याशी मैत्री पूर्वीसारखीच ठेवावी. ती पूर्वीसारखी राहिली नाही, तर ती मैत्री कशासाठी होती, हे त्याला कळून चुकते. अथेन्समध्येही काहींनी थट्टा केली, काहींनी पुन्हा ऐकू म्हटले आणि थोड्यांनी विश्वास ठेवला. किती जणांनी ऐकले, किती जण आले, याची वही ठेवू नये. मी लावले, अपुल्लोसाने (दुसऱ्या एका शिक्षकाने) पाणी घातले, पण वाढ देवाने दिली, असे पौलाने करिंथकरांना लिहिले, ते कोण कोणत्या शिक्षकाचा यावरून त्यांच्यात गट पडले होते म्हणून.

कोणी अधिक जाणून घ्यायची इच्छा दाखवली, तर घाई आपणच आवरावी. भावनेच्या भरात दिलेला शब्द पक्का मानू नये, बाप्तिस्म्याचा विषय पाळकांवर आणि मंडळीवर सोपवावा, आणि या निर्णयाचा त्याच्या घरावर, नात्यांवर काय परिणाम होऊ शकतो, हे त्याला मोकळेपणाने सांगावे. त्याला एकदम मोठ्या सभेत नेण्यापेक्षा मंडळीतील एक-दोन शहाण्या माणसांची ओळख करून द्यावी.

मग आठवड्यातील एक तास ठरवून दोघांनी मार्काचे शुभवर्तमान मिळून वाचावे, एका बैठकीत एका अध्यायाहून अधिक नाही. वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत: या भागात येशू काय करताना दिसतो, यातले काय खटकले किंवा कळले नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बसायचे का. तिसरा प्रश्न दर वेळी नव्याने विचारावा.